‘ऐकत नाही’ म्हणे!

तुर्भ्याच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर बावीस वर्षं काढल्यावर जयमालाच्या हातात मेमो पडला. सगळा इंग्रजीत. कोपरखैरण्याच्या घरी लेकीने, क्षिप्राने, आईला ओठ दिसतील असं समोर बसून अर्थ सांगितला. "सूचना दिल्या तरी ऐकत नाही, असं लिहिलंय."

"ऐकत नाही?" जयमालाचा आवाज चढला. "अगं, ऐकू येत नाही मला! त्या सुपरवायझरने, दिपेशने, पाठीमागून हाक मारली, मी वळले नाही, तर मी उद्धट?"

तीन दिवसांत उत्तर द्यायचं होतं, तेही इंग्रजीतच. क्षिप्राने लिहिलं, ऐकण्याचा थोडा प्रॉब्लेम आहे, गैरसोयीबद्दल सॉरी, सांभाळून घ्या.

अर्थ कळल्यावर जयमालाने आधी ‘सॉरी’ खोडलं. मग ‘थोडा’वर बोट ठेवलं. "थोडा म्हणजे किती? कुकरची शिट्टी मला वाफ बघून कळते. दाराची बेल तर कळतच नाही. प्रेस चालू आहे हे टेबल थरथरतं म्हणून समजतं. हे लिही."

"आई, एवढं लिहिलं तर घरी बसवतील तुला."

"बसवू देत! कान त्यांच्या मशीनने खाल्ले, आणि ‘थोडा’ म्हणायचं मी?"

कपाटातून तिने डॉक्टरांचा रिपोर्ट काढला. त्यातला शब्द क्षिप्राने वहीत मोठा करून दाखवला. सिव्हिअर. तीव्र. दोन्ही कान. तो शब्द घालून क्षिप्राने पत्र नव्याने लिहिलं आणि ते जयमालाने एकेक अक्षर बघत स्वतःच्या हाताने उतरवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसातले हौसेराव ते पत्र वाचता वाचता तोंडावर हात ठेवून काहीतरी बोलले.

"हात काढा, मला दिसत नाही," ती म्हणाली.

त्यांनी काढला. "एवढं डिटेल कशाला, मॅडम? हिअरिंग प्रॉब्लेम लिहा, पुरे."

"‘ऐकत नाही’ लिहिताना मला विचारलंत? आधी ते खोडा. मी इथून हलत नाही."

अर्धा तास ती खरंच हलली नाही. शेवटी हौसेरावांनी वरच्या साहेबांना फोन लावला, मेमोतली ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं, सूचना समोर येऊन किंवा लिहून द्याव्यात.

प्रेसवर परतली तरी तिचं डोकं तापलेलंच होतं. शेजारच्या मशीनवर दोन नव्या पोरी लागल्या होत्या. कानांत साधा कापसाचा बोळाही नाही. संध्याकाळी घरी येताच तिने क्षिप्रापुढे वही आपटली.

"लिही. त्या पोरींच्या कानांत काय घालणार, ते विचार कंपनीला."