वाईट बाईचं चित्र

चित्र आलं तेव्हा मी कामरगावला आईकडे होते. सकाळची वेळ होती. आई ओसरीत सुपात तूर घेऊन खडे वेचत बसली होती आणि मी तिच्या शेजारी लॅपटॉप उघडून. मी मुलांच्या ॲनिमेशन मालिका लिहिते. राहते वाशीमला, कंपनी मुंबईची, त्यामुळे सगळं काम फोनवर आणि मेलवर चालतं. त्या दिवशी एका नव्या मालिकेतल्या खलनायिकेचं पहिलं रंगीत चित्र यायचं होतं. चार महिने मी त्या बाईला घडवत होते. ती कशी दिसते हे बघायची मला घाई झाली होती.

चित्रातली बाई काळी होती. नाक बसकं, ओठ जाड, दात पुढे आलेले, केस विस्कटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात विळा. मी लिहिलेल्या बाईचं त्यात काहीही नव्हतं. मी लिहिलं होतं, गोरी, ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर स्वच्छ सुती साडी, आवाज मऊ, लहान मुलांशी बोलताना वाकून त्यांच्या उंचीला येणारी.

आईने मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिली. मग म्हणाली, "हे मी हाय का वं?"

ती हसत होती. तिला वाटलं, मुलीने कौतुकाने आपलं चित्र काढून घेतलं. माझी आई काळीच आहे. तिचे दात पुढेच आहेत. जन्मभर लुगडं खोचून तिने दुसऱ्यांच्या शेतात विळा चालवला आहे. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, नाही, दुसरीच कोणी आहे. माझे कान तापले होते.

ही खलनायिका मी कुणावरून लिहिली होती, ते सांगायला हवं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका बागायतदार घराचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, गाजर आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. आई तिथे रोज निंदायला जायची आणि शाळा सुटली की मी तिच्याकडे. मळ्याच्या मालकीणबाईंना मी काकू म्हणायची. आई मोठ्या बाई म्हणायची. काकूंनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. गाजरं उपटली की त्यातलं एक पाटाच्या पाण्यात धुऊन माझ्या हातावर वरून सोडायच्या. शाळेत काय शिकवलं ते विचारायच्या, पाढे म्हणून घ्यायच्या. विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या बेचक्यात माझ्यासाठी एक स्टीलचा ग्लास ठेवलेला असायचा. त्या वरून पाणी ओतायच्या, मी प्यायची आणि ग्लास परत बेचक्यात ठेवून द्यायची. मला त्या ग्लासाचा अभिमान होता. माझ्या शाळेतल्या कुठल्याच मुलीचा दुसऱ्याच्या मळ्यात स्वतःचा ग्लास नव्हता.

पहिलीपासून सातवीत जाईपर्यंत तो ग्लास मला माझा लाड वाटत होता.

चौथीत असताना मला टायफॉईड झाला. बाबा कामाला बाहेरगावी होते. काकूंनी भाजी न्यायच्या मेटॅडोरमध्ये मला पुढच्या सीटवर झोपवलं, आईला मागे भाजीजवळ बसवलं आणि कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. दिवसभर माझ्या उशाशी बसून राहिल्या. डॉक्टरांशी भांडल्या, सलाईन लवकर लावून घेतलं. मी वाचले ते त्यांच्यामुळे, असं आमच्या घरात अजून म्हणतात. मला एवढंच अंधुक आठवत होतं की बरी झाल्यावर मी मळ्यात गेले तेव्हा मेटॅडोरची सीट अजून बाहेर काढून उन्हात वाळत घातलेली होती.

ग्लासाचा अर्थ मला सातवीत कळला. काकूंची भाची आली होती. तिने पाणी प्यायला तो ग्लास उचलला आणि काकू धावत आल्या. ओरडल्या नाहीत. भाचीच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि म्हणाल्या, "तो नको बाई, तो यांचा हाय." मग माझ्याकडे बघून नेहमीसारख्या गोड हसल्या. त्यानंतर मी त्या मळ्यात पाणी प्यायले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, तहान नाही लागत का तुले? विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

मालिकेसाठी खलनायिका हवी असं कंपनीने सांगितलं तेव्हा मला दुसरं कुणी सुचलंच नाही. आमच्या मालिकेत दुष्काळी गाव आहे, एक हुशार मुलगी आहे आणि पाणी असलेली एकच विहीर आहे. विहिरीची मालकीण सगळ्यांना पाणी देते, फक्त आपल्या नियमाने. गावातली पोरं तिच्यावर जीव टाकतात. नायिकाही टाकते. बाईला स्वतःलाही पक्कं वाटतं की आपण आहोत म्हणून हे गाव जगतं आहे. मला वाटत होतं, बघणाऱ्या मुलांनी पहिले चार भाग तिच्या बाजूने असावं. तिचं म्हणणं त्यांना पटावं. आणि मग एके दिवशी पोटात खड्डा पडावा. कारण वाईट माणूस मला असाच भेटला होता. गडगडाटी हसून तळहात चोळणारा मला आयुष्यात एकही भेटलेला नाही.

हे सगळं मी आईला त्या दिवशी दुपारी सांगितलं. चित्राचं नाही, गोष्टीचं. खलनायिका काकूंवरून लिहिली म्हटल्यावर आई चिडली. सूप बाजूला ठेवलं.

"तिले काहून खराब लिवलं? दवाखान्यात कोनं नेलं तुले?"

मी म्हटलं, नेलं, पण सीट धुऊन काढली ना नंतर. गड्याला धुवायला लावली असेल.

"गड्यानं कायले? म्याच धुतली," आई म्हणाली. "दोन खेपा साबन लावून. तू घरी निजेल होती. मोठ्या बाई बाजूले उभ्या होत्या. तुयासाठी शिरा करून आनला होता त्याईनं. धुवून झाल्यावर डबा देल्ला मले."

मी विचारलं, तुला काही वाटलं नाही का? आईने सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाली, तेव्हा तू जगली एवढंच वाटत होतं. आणि मोठ्या बाई खराब नव्हत्या. त्यांना तेच बरोबर वाटायचं. त्यांच्या सासूने तसंच शिकवलं होतं.

मला आईचाही राग आला. पण लेखक म्हणून मला हेही कळत होतं की मी चार महिन्यांत जे कागदावर आणू शकले नव्हते ते ती तूर निवडता निवडता बोलून गेली. त्याच दुपारी मी तो प्रसंग लिहिला. मालकीणबाई आजारी नायिकेला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेते. दुसऱ्या दिवशी नायिकेची आई ती गाडी धुते आणि मालकीणबाई शेजारी डबा घेऊन उभी असते, डबा गार होऊ नये म्हणून पदराने झाकून. संवाद एकही नाही. मी प्रसंग पाठवला आणि खाली चित्राबद्दलची हरकत लिहिली.

दोन दिवसांनी मालिकेच्या प्रमुखांचा फोन आला. तोवर मी वाशीमला परतले होते. गृहस्थ सभ्य होते, मला ताई म्हणायचे. आधी त्यांनी संहितेचं कौतुक केलं. मग म्हणाले, "ताई, लहान मुलांना पहिल्या दोन सेकंदांत कळलं पाहिजे वाईट कोण ते."

"मला सहा वर्षं कळलं नव्हतं," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग त्यांनी मला आवाजाचा नमुना ऐकवला. नायिका स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत होती. खलनायिका बोलत होती वऱ्हाडी, तीही कुणीतरी ऐकून ऐकून उचललेली, प्रत्येक वाक्यात एक 'काहून' कोंबलेली, आणि वाक्य संपलं की घोगरं हसू. मी विचारलं, दोघी एकाच गावच्या आहेत ना, शेजारी राहतात, मग एकीला 'मला' आणि दुसरीला 'मले' कसं काय? ते म्हणाले, तुमच्याकडच्या बोलीत एक वेगळीच मजा आहे, लोकांना फार आवडते. आवडते तर नायिकेला द्या, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, नायिका सगळ्या महाराष्ट्राला आपली वाटली पाहिजे.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, काळी बाई, शेतात राबणारी, आमची बोली बोलणारी, ही तर माझी आई आहे. हिने कुणाची विहीर अडवली? अडवणारे कसे दिसतात ते मी तुम्हाला लिहून दिलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. असा कुणाचाही हेतू नव्हता, म्हणाले. रंग थोडा उजळ करू, दात कमी करू. मग गाडी धुण्याच्या प्रसंगाकडे आले. तो प्रसंग छान आहे, पण काढावा लागेल. लहान मुलांच्या मालिकेत तो विषय नको.

कुठला विषय, मी विचारलं. ते नाव घेईनात. मी तीनदा विचारलं. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

मला कळत होतंच. तो विषय रंगात चालत होता, नाकात आणि ओठांत चालत होता, बोलीत चालत होता. फक्त खरा घडला तसा दाखवायला चालत नव्हता.

संध्याकाळी चित्रकार मुलीचा फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. ती कचरत बोलत होती. तिने माझं वर्णन वाचून आधी तीन चित्रं काढली होती. तिन्ही परत आली, शेरा एकच, ही फार चांगली दिसते. तिने ती तिन्ही मला पाठवली. दुसऱ्या चित्रातली बाई वाकून एका पोरीच्या हातावर गाजर सोडत होती. तिच्या आणि पोरीच्या हातात वीतभर अंतर होतं. ते अंतर त्या मुलीने माझ्या संहितेतून नेमकं उचललं होतं. तिला मी म्हटलं, तुझी चूक नाही. फोन ठेवला आणि मला रडू आलं, रागाचं.

मी सहा भागांनंतर मालिका सोडली. माझं नावही काढायला लावलं. पात्र कंपनीच्या मालकीचं होतं, ते राहिलं. रंग एक छटा उजळला, दात दोन कमी झाले, आवाज तोच. मालिका बऱ्यापैकी चालली. आमच्या गल्लीतली पोरं ते घोगरं हसू हसतात. माझ्या भाचीच्या वर्गात एका सावळ्या मुलीला त्या बाईच्या नावाने हाक मारतात, हे भाचीने मला सहज सांगितलं, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारण ते नाव मी ठेवलं होतं.

नंतर वाशीमजवळच्या एका गावात माझ्या ओळखीच्या शिक्षिकेने मला वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं. मी माझी मूळ संहिता नेली आणि गोष्टीसारखी वाचली, गाडी धुण्याच्या प्रसंगापर्यंत. चित्र दाखवलं नाही. वाचून झाल्यावर मी मुलांना विचारलं, ही बाई चांगली की वाईट? वर्गात भांडण लागलं. एक म्हणाला, दवाखान्यात नेलं म्हणजे चांगलीच. दुसरी म्हणाली, मग गाडी तिच्या मायले काहून धुवाले लावली? खूप मुलं एकदम बोलत होती. कुणीही हसलं नाही, तिचे दात कसे आहेत ते कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरचा भाजीचा मळा आहे, हे मला मागाहून कळलं. ती म्हणाली, "माही आजी असंच करते. पन ते चांगली हाय."

मी तिला म्हटलं, आजी चांगली असेल. तरी ती असं करते तेव्हा तुला कसं वाटतं? ती बाकाकडे बघत म्हणाली, "पोटात कसंतरी होते." आणि खाली बसली.

शिक्षिकेने घाईने वह्या बाहेर काढायला सांगितलं. मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, पुढच्या वेळी प्राण्यांची वगैरे गोष्ट आणा, पालक उगाच शाळेत येतील. तिच्यावर मला चिडता येईना. तिला तिथे रोज शिकवायचं होतं. पण मी तिला प्राण्यांची गोष्ट आणीन असं काही म्हटलं नाही.