बिब्ब्यावर काजू

माझे वडील निवृत्त झाले तेव्हा आईला वाटलं होतं, आता हा माणूस दुपारी झोपेल. पण त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘हिवाळी नियोजन’. काजूचं बी कधी रुजवायचं, रोपं कलमाजोगी कधी होतील, कलमाच्या काड्या कुणाच्या झाडाच्या घ्यायच्या, सगळं तारीखवार. काड्या किन्हवलीच्या आत्याच्या झाडाच्या ठरल्या. तिचा काजू मोठा, अंगठ्याएवढा.

दिवाळी झाल्यावर परसात साठ पिशव्या भरल्या. बी रुजलं. कोंब वर आले त्या सकाळी माकडांची टोळी उतरली आणि एकेक पिशवी उपसून, माती झटकून, कोंबासकट बी खाऊन गेली. मोड आलेला काजू किती गोड लागतो हे आम्हालाही ठाऊक होतं, म्हणून रागही धड करता येईना. वडिलांनी पुन्हा साठ पिशव्या भरल्या. माकडं पुन्हा आली.

हे त्यांनी आत्याला सांगितलं नाही. धाकट्या बहिणीला कसं सांगणार? तिच्याकडे मात्र वेळापत्रकाची नक्कल होती. ठरल्या दिवशी तिने फांद्यांची पानं छाटली, आठवड्याने फोन केला, “दादा, फांद्यांचे डोळे फुगलेत. काड्या उद्याच न्या, नायतर वाया जातील.”

दुसऱ्या दिवशी वडील आणि मी दोन एसट्या बदलून किन्हवलीला गेलो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या मांडीवर घेऊन परत येताना ते खिडकीतून एकेक झाड न्याहाळत होते. मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, “बिब्बा.”

परसाच्या कुंपणाला बिब्ब्याचं एक रोप आपोआप उगवलं होतं, करंगळीएवढ्या जाडीचं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, भाऊभाऊच, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

आई म्हणाली, “अहो, तो उततो.”

“चीक अंगाला लागला तर. आपण लागू द्यायचाच नाही.”

आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या वाडीवरच्या मावशी तेव्हा अंगणात होत्या. त्या दरवर्षी रानातून बिब्बे गोळा करतात. त्यांनी वडिलांच्या हातातला चाकू पाहिला आणि उठून पार रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

वडिलांनी हातांना खोबरेल चोपडलं. मी रोप धरलं. त्यांनी शेंडा छाटला, खुंटाला चीर दिली, काडीला पाचरीसारखी धार काढून आत बसवली, वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. काम सुरेख झालं. मग समाधानाने त्यांनी त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, डोळे उघडेनात. माझ्या दोन्ही हातांना फोड आले. मुरबाडच्या डॉक्टरांनी विचारलं, “काय केलंत?”

“पाचर कलम,” वडील म्हणाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि हळूच विचारलं, “धरलं का?”

गावातली माणसं आधी वडिलांचा चेहरा बघायला येत, मग परसात जाऊन कलम बघत. जवळ कुणी जाईना. दहा पावलांवरून माना डोलवत. वडिलांना काहीच दिसत नव्हतं. ते सकाळ-संध्याकाळ मला विचारत, “डोळा उघडला का?”

“कुणाचा?”

“काडीचा!”

पाचव्या दिवशी काडी काळी पडली. मला ते सांगवेना. मी म्हणालो, “हिरवी आहे.” आईनेही मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून तोंडाने म्हणाली, “हिरवीगार.” दोन दिवस आम्ही त्या मेलेल्या काडीला पानं फुटवत होतो. तिसऱ्या दिवशी मावशी सुजेवर लावायला तीळ-खोबरं वाटून घेऊन आल्या. वडिलांनी त्यांनाही विचारलं.

“ती कवाच सुकली,” मावशी म्हणाल्या. “पण खाली बिब्ब्याला कोंब फुटलाय. दोन.”

आम्ही दोघं ओशाळून भिंतीकडे बघत राहिलो. वडिलांचे सुजलेले ओठ हलले, “म्हणजे खुंट जोमदार आहे.”

याला चार वर्षं झाली. वडिलांचा चेहरा महिन्याभरात पूर्ववत झाला. बिब्बा उपटायला कुणी धजावलं नाही, म्हणून तो वाढला. आता पन्हाळीला टेकलाय. आईने कपडे वाळत घालायची दोरी पुढच्या अंगणात नेली. आत्या दर दिवाळीला फोनवर विचारते, “दादा, माझा काजू धरला का?”

वडील खिडकीतून त्या झाडाकडे बघतात आणि म्हणतात, “तब्येत उत्तम आहे.”