स्वागतगीत, पुन्हा मुखड्यापासून

माझ्या गळ्याचं वाटोळं दुष्काळानं केलं, असं आमच्या नात्यातले लोक अजून म्हणतात. बीड जिल्ह्यात जन्मली, प्यायला पाणी नाही तिथं गाणं काय पिकणार, असा त्यांचा हिशेब. बोलायला सोपं आहे. दुष्काळानं माझं काही बिघडवलं नाही. माझं गाणं खाल्लं ते स्वागतगीतानं.

अंबाजोगाईला मी आठ वर्षं बुवांकडं शिकले. बुवा म्हणजे माझे गाण्याचे गुरू. तरुणपणी संगीत नाटकांच्या कंपनीत होते, त्यामुळं नाट्यपद शिकावं तर त्यांच्याकडंच. माझा आवाज चढा. तो वर गेला की बुवा चिमटीतली तपकीर ओढायची विसरत, आणि तेवढी एकच शाबासकी आम्हाला मिळायची. हौशी मंडळींच्या तीन नाटकांत मी नायिका झाले. सुट्टीत ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणीही म्हणायचे, आणि तीही उघडपणे. बुवांना त्याचं काही वाटत नसे. उलट चहा पिता पिता म्हणायचे, "ती दुसऱ्या कडव्यातली जागा पुन्हा घे बघू." तेव्हा हलक्याफुलक्या गाण्यांनी माझं गाणं नासलं असं ज्यांना वाटतं, त्यांनीही गप्प बसावं. सिनेमाचं गाणं निदान सुरू झालं की संपतं तरी.

लग्न होऊन मी युसूफ वडगावला आले. आमचे मालक सहकारी साखर कारखान्याच्या ऑफिसात हंगामी कारकून होते. हंगामी म्हणजे कारखाना चालू तोवर कामावर, बंद पडला की घरी. कायम करणं चेअरमनसाहेबांच्या हातात. आणि कारकुनाची बायको गाते, हे चेअरमनसाहेबांच्या कानावर जायला महिनासुद्धा लागला नाही.

सहकारात कार्यक्रमांना तोटा नसतो. बॉयलर पेटवायचा कार्यक्रम, उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम, वार्षिक सभा, दूध संघाचं उद्घाटन, पतसंस्थेची नवी शाखा. प्रत्येकाला स्वागतगीत हवंच. चाल एकच, मीच बसवलेली. आत पाहुण्यांची नावं बदलायची. नावांची चिठ्ठी ऐन वेळी हातात यायची आणि तिच्यातला क्रम सांभाळावा लागायचा. एकदा व्हाइस चेअरमनचं नाव माझ्याकडून एका साध्या संचालकाच्या मागं गेलं, तर ते न जेवता निघून गेले. दुसरा दंडक त्याहून वाईट. कोणी मोठा माणूस उशिरा आला की चालू गाणं तिथंच थांबवायचं आणि स्वागतगीत पुन्हा मुखड्यापासून म्हणायचं. एका सभेत मी ते पाच वेळा म्हटलं. पाचव्यांदा म्हणताना मला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली होती.

दर वेळी मी एक नाट्यपद तयार करून न्यायचे आणि तसंच घरी परत आणायचे. गळा जरा मोकळा होतोय तोवर हारतुरे, मग भाषणं, भाषणं संपली की लोक जेवायला पळायचे. मला पुण्यामुंबईला नाव काढायचं नव्हतं. आपल्या माणसांसमोर एक पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणावं, एवढंच हवं होतं. तेवढंही होईना, म्हणून घरी भांडी आदळायचे. मालक म्हणायचे, "आवंदा कायम होतो बघ, मग म्हण तुला पाहिजे तेवढं." असे चार हंगाम गेले.

मग ते वाईट वर्ष आलं. कारखान्यानं माळावर जनावरांची छावणी उघडली. गावोगावची माणसं बैलं, गाई, शेळ्या घेऊन तिथं राहायला आली. शेतकरी होते, मेंढरांमागं फिरणारी माणसं होती. सगळे उसाच्या पाचटाच्या छपरांखाली चाऱ्याची वाट बघत बसलेले. चेअरमनसाहेब छावणीला भेट देणार म्हटल्यावर तिथंही मांडव आला, माइक आला आणि मी आले.

निवेदन करायला हायस्कूलचे सर होते. मी त्यांना आधीच गाठलं. म्हटलं, "सर, साहेब यायच्या आत मला माझं एक पद म्हणू द्या. आल्यावर स्वागतगीत म्हणतेच."

सर हसले. "म्हणा की निवांत. साहेब दोन घंटे उशिरा येणार म्हणजे येणार."

दुपार कलली होती. समोर दोनेकशे माणसं आणि त्यांच्या मागं जनावरं. अगदी पुढं एक म्हातारी धनगरीण मांडीवर करडू घेऊन बसली होती. मी पद सुरू केलं. पहिली पाच मिनिटं कोणाचं लक्ष नव्हतं, मग हळूहळू बोलणं थांबलं. तबलजीनं मान वर केली. आवाज असा लागला होता की मला माझंच नवल वाटत होतं. अंतऱ्यावर आले, वरच्या सुरावर ठरले, आणि म्हातारी आपल्याशीच म्हणाली, "आगं बया!" आठ वर्षांची मेहनत त्या दोन शब्दांसाठी होती, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

तेवढ्यात माळावर धुरळा दिसला. साहेबांची जीप. जन्मात पहिल्यांदा तो माणूस वेळेवर आला होता. सरांनी काही खूण करायच्या आत आमच्या पेटीवाल्यानं सूर बदलून स्वागतगीताचा मुखडा धरला. त्याच्या बोटांना तेवढीच सवय. त्याच्यावर मी खूप वर्षं डूख धरला, पण खरं सांगायचं तर माझं तोंडही त्याच क्षणी "स्वागतम्"वर गेलं होतं. तान अर्धी टाकून मी नावं घ्यायला लागले.

चेअरमनसाहेब मांडवात आले, हार घालून घ्यायच्या आधी माझ्याकडं वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, मघाचं कावून सोडलं? जीपमधून ऐकू येत व्हतं, लई चांगलं चाललं व्हतं. म्हणा की. आमी कवा बंद करा म्हणालो?"

मी सरांकडं पाहिलं, सरांनी चिठ्ठीकडं पाहिलं. खरंच, कधी म्हणाले होते? चार वर्षांत त्यांनी, नाहीतर दुसऱ्या कोणी, मला एकदाही थांबवलं नव्हतं. दंडक कोणी घातला ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्हीच जीप बघून थांबायचो आणि घरी जाऊन साहेबांना शिव्या द्यायचो.

तेव्हा तरी म्हणायचं ना! तिसऱ्या रांगेत आमचे मालक बसले होते. ते डोळ्यांनी नको नको करत होते. त्यांना वाटलं असणार, साहेब उपचार म्हणून बोलले, ही खरंच गायला लागली तर भाषणं लांबतील आणि साहेब चिडतील. आणि मी, बुवांची विद्यार्थिनी, तीन नाटकांची नायिका, हात जोडून म्हणाले, "राहू द्या साहेब, परत कधीतरी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या विनयाला.

भाषणं झाली. चारा वाटायची वेळ झाली तशी माणसं उठली. आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना घरी सोडायला कारखान्याची दुसरी जीप होती, मी तिच्याकडं निघाले, तर ती म्हातारी करडू काखेत घेऊन आडवी आली.

"बाई, त्या गाण्यात फुडं काय व्हतं गं? ऱ्हायलंच की ते."

मी म्हटलं, "काही नाही आजी. ती म्हणते, आता वाट बघणार नाही, आणि तरी दारातच बसते. एवढंच."

"एवढंच?" म्हातारी म्हणाली. तिला खरं वाटलं नाही. गाताना ऐकलं ते याहून कितीतरी जास्त होतं, हे तिला कळत होतं. ती तशीच माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

मालक त्याच हंगामात कायम झाले. पुढं कार्यक्रम पुष्कळ केले, सत्कारही झाले, पण ते पद पुरं म्हणायचा योग काही आला नाही, आणि आता त्या उंचीवर आवाज जात नाही. मला राग साहेबांचा नाही, पेटीवाल्याचा नाही, दुष्काळाचा तर नाहीच. त्या माळावर माइक नको होता, पेटी नको होती. गळा तापलेला होता, म्हातारी ऐकायला उभी होती, कोणी अडवणारं नव्हतं. आणि मी तिला अर्थ सांगून जीपमध्ये जाऊन बसले.