दुसरी सही

मोठी माणसं जातात, त्यांचे निर्णय मात्र मागे उरतात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मुकुंदाच्या शोकसभेत हे वाक्य दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा माइक चालू करून. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. मुकुंदा मोठा माणूस नव्हता. शेवटच्या दीड वर्षात त्याच्यापुढे एकच निर्णय होता, एक जुनी मोटार घ्यावी की घेऊ नये, आणि तो माझ्यामुळे राहून गेला. हे तिथे सांगायची सोय नव्हती. अध्यक्षांना पुढे पाण्याच्या टाकीबद्दलही बोलायचं होतं.

तो गेला त्या रविवारी सकाळी शालनवहिनींनी फोन केला नाही. दोन जिने चढून त्या स्वतः वर आल्या. हातात चहाची गाळणी तशीच होती. "भाऊजी, जरा खाली येता? हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या चपला सापडेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. आम्ही जिना सावकाश उतरलो. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही हे दोघांनाही कळलेलं होतं...

मुकुंदा खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होता. छत्तीस वर्षं त्याने सुटे भाग मोजले. मापात बसला तर पुढे, नाही तर लाल ठिपका. त्याच्या विभागाचा एक नियम होता, तो त्याने घरीही आणला. वस्तू नाकारायला एक सही पुरे, पण पास करायची तर दोन सह्या हव्यात. त्यामुळे आंब्याच्या पेटीपासून जावयापर्यंत सगळ्या गोष्टींना त्याच्या घरी दुसरी सही लागायची. बहुतेक वेळा ती वहिनींची असे, कधी माझी. मी हा वरचा फ्लॅट घेतला तेव्हा पहिली सही त्याची होती. खोल्याखोल्यांतून फिरून त्याने भिंतींवर रुपयाचं नाणं वाजवून पाहिलं होतं. बिल्डर म्हणाला, "काका, देवळात आलात का?" मुकुंदा म्हणाला, "देवळात मी वाजवून बघत नाही. तिथे तक्रार कोणाकडे करणार?" माझी नोकरी एका प्रकाशकाकडे, आलेली हस्तलिखितं साभार परत पाठवायची. म्हणजे धंदा दोघांचा एकच. आमची मैत्री टिकली ती त्यावरच असणार.

फुप्फुसं आखडत चालली आहेत हे त्याला कळलं आणि त्याच महिन्यात त्याने गाडी पाहिली. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली, फार तर तीन. ते ऐकून तो रिक्षाने घरी न येता धायरीला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेला. परतताना एका वस्तीवर, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्याला ती दिसली. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की 'आमच्याकडेही होती' अशी पत्रं येतात. लांब नाकाची, चौकोनी, एके काळी साहेबलोक जिच्यातून उतरायचे तशी. फुलं लावून मिरवणुकीत काढतात त्या गाड्यांइतकी ती जुनी नव्हती, आणि रस्त्यावर चालवावी इतकी नवीनही नव्हती. आणखी दहा वर्षांनी लोक तिच्यासोबत फोटो काढून घेणार होते. तूर्त कोंबड्या बसत होत्या. किंमत म्हणाल तर एका बऱ्यापैकी मोबाइलची.

मालक बाळासाहेब. पहिलं रान विकल्यावर त्याच्या वडिलांनी ती घेतली होती. आता उरलेल्या जागेवर इमारत उठणार होती आणि शेड पाडायची होती. "वडलांची हाय म्हणून भंगारात द्यायला जीव होत न्हाई," तो म्हणाला, "न्हाईतर कवाच दिली असती. तुम्ही न्या काका. पण बघून न्या, मागनं बोलू नका." 'बघून न्या' हे मुकुंदाला सांगणं म्हणजे काय, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती.

पुढचं दीड वर्ष आम्ही महिन्यातून एकदा तरी रविवारी धायरीला गेलो. आधी माझ्या स्कूटरवरून, नंतर त्याला वारं सोसेना म्हणून रिक्षाने. धुतलेला शर्ट, खिशात वही आणि एक चुंबक. गंजून भोक पडलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारला की डोळ्याला कळत नाही, पण चुंबक तिथे चिकटत नाही. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून मुकुंदाने तो जुन्या मोज्यात घातला होता. मोजा धरून तो गाडीभोवती इंचाइंचाने सरकायचा, दम लागला की बॉनेटला टेकून उभा राहायचा, आणि मग वहीत लिहायचा. डाव्या दाराखाली चिकटत नाही. मागच्या चाकावर अर्धवट. बाळासाहेब खाटेवर बसून बघायचा. एकदा म्हणाला, "काका, मुलगी बघायला तरी माणूस किती वेळा येतं? हो म्हणा, न्हाईतर नारळ द्या."

चौथ्या की पाचव्या खेपेला बाळासाहेबाने बॅटरी आणून जोडली. गाडी खोकली आणि चालू झाली. कोंबड्या उडाल्या. मुकुंदा चाकामागे बसला, दोन्ही हात वर ठेवून, आणि बराच वेळ नुसताच बसून राहिला. मग अंगणात बारा-पंधरा पावलं ती पुढे नेली आणि थांबवली. खाली उतरून त्याने वहीत लिहिलं, "ब्रेक लागतो, पण विचार करून." ते वाचून मी म्हटलं, "हे तुझ्या चारित्र्याच्या दाखल्यावर लिहायला हवं होतं."

परतीच्या वाटेवर तो मला दोष वाचून दाखवायचा. मी प्रत्येक दोषावर मान हलवायचो, वर दोन माझे घालायचो. पार्किंगला जागा कुठंय, सुटे भाग कोण देणार, वहिनी काय म्हणतील... मला वाटायचं, हा यादी वाढवतोय म्हणजे नकाराची तयारी करतोय. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. एकदा तो म्हणाला, "जुन्या गाडीला परीक्षा घेऊन पाच वर्षांचं पासिंग देतात. पाच, बरं का. मला कुणी देईना." मी हसलो. तोही हसला, मग खोकला, आणि तो खोकला थेट घर येईपर्यंत चालला.

शेवटचं भेटणं गुरुवारी झालं. बाळासाहेबाचा निरोप आला होता की सोमवारी शेड पाडणार, रविवारपर्यंत काय ते सांगा. मुकुंदा दोन जिने चढून वर आला. त्या दिवसांत त्याला दोन जिने म्हणजे पाऊण तास. आल्यावर त्याने पाणीही घेतलं नाही, वही पुढे केली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"दुसरी सही," तो म्हणाला.

"एवढे दोष, आणि सही?"

"मला एकदा तरी एखादी गोष्ट खराब आहे हे माहीत असून घ्यायची आहे रे."

"मग मी आहे की."

"तुला कुठे घेतलं? तू शेजारी आलास."

मला माझं वाक्य आवडलं होतं, त्यापेक्षा त्याचं चांगलं निघालं, आणि त्या नादात मी पान वाचलंच नाही. म्हटलं, "रविवारी सकाळी जाऊ. एकदा शेवटचं बघू, मग सही." त्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी गेले कित्येक आठवडे आठवतोय. त्यात राग नव्हता. तो पुन्हा जिना उतरला. मी त्याला धरून सोडायला गेलो नाही, कारण त्याला ते आवडत नसे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही स्मशानात होतो. मुलगी-जावई बंगळूरहून पोचायचे होते, म्हणून मुकुंदाचा मोबाइल वहिनींनी माझ्या खिशात दिला होता. गुरुजी मंत्र म्हणत असताना तो वाजला. पडद्यावर 'धायरी गाडी' अशी अक्षरं होती. आजूबाजूला सगळे गंभीर उभे होते, मला लाज वाटली, मी फोन बंद केला. तो थोड्या वेळाने पुन्हा आला असेल तर मला माहीत नाही.

बातमी कळल्यावर दहाव्याला बाळासाहेब आला. वहिनींना नमस्कार करून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मी फोन लावला होता रविवारी. कुणी उचलला न्हाई. वाटलं, काकांनी नारळ दिला." सोमवारी दुपारी गाडी भंगारवाल्याच्या टेम्पोवर चढली होती. "चढेना," तो म्हणाला. "ब्रेक धरून बसली होती."

त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनींनी मला खाली बोलावलं. त्यांच्या पार्किंगच्या जागेत कायम उभी असायची ती शेजाऱ्यांची स्कूटर नव्हती. वहिनींनीच ती चार महिन्यांपूर्वी भांडून काढायला लावली होती. आत खुर्चीवर एक जाड उशी होती, सीटवर पाठीमागे ठेवायची, खोळ नवी, मुकुंदाच्या पाठीच्या मापाने शिवलेली. "मी कधीच हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणाले, बायकोची सही घरातल्या वस्तूंना चालते, गाडीला मित्राची हवी. करेल म्हणाले. जरा भाव खातोय." मग त्यांनी वही उघडून दिली. एकेचाळीस दोष, त्याच्या सरळ अक्षरात, आणि खाली ओळ मारून: 'सवलतीत पास.' कारखान्यात ज्या वस्तूत खोट आहे, पण तिच्या कामापुरती ती निभावून नेईल असं तपासनिसाला वाटतं, तिच्यावर ते हा शेरा मारत. छत्तीस वर्षांत त्याने तो मोजक्याच वेळा मारला असेल. खाली त्याची सही, गुरुवारची तारीख. शेजारी दुसऱ्या सहीसाठी पट्टीने आखलेली कोरी जागा.

मी सही केली. वहिनींनी पेन दिलं आणि मी करेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. तारीख कुठली घालावी कळेना, म्हणून ती घातली नाही. वही त्यांनी ठेवून घेतली, मोज्यातला चुंबक मला दिला. म्हणाल्या, फ्रिजवर लावा, आठवण राहील.

आमच्या फ्रिजचं दार काचेचं आहे. तिथे तो चिकटत नाही.