डोणगावला गेलेली वही

मुलगी पाहायला आलेली माणसं जाताना तिच्या हातचं भरतकाम सोबत नेत. घरच्या बायकांना दाखवायला. आमच्या मेहकरात तेव्हा ही रीतच होती. होकार-नकाराच्या निरोपाबरोबर ते परत येई. मला भरतकामाचा कंटाळा. म्हणून आईनं एका रुमालाखाली माझी पदार्थविज्ञानाची वही सारली आणि डोणगावची मंडळी ती घेऊन गेली. मला कळलं, तेव्हा त्यांची मोटार सुटलेली होती.

“अक्षर पाह्यतीन ना ते,” आई म्हणाली. “तुह्या टाक्यापेक्षा अक्षर बरं हाये.”

बी. एस्सी.ची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. प्रोफेसरांच्या सह्या असलेली ती वही दाखवल्याशिवाय नागपूरला मला परीक्षेला बसू देणार नव्हते. हे मी घरात दहा वेळा सांगितलं होतं. वडील म्हणाले, “येईन ना निरोपासंग. सोयरीक जमून राह्यली अन् तुले वहीची पडली!”

आठ दिवस निरोप नाही. नवव्या दिवशी मी एकटी मोटारीत बसले आणि डोणगावला त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले.

“अवं माय, पोरगीच आली!” मुलाची आई म्हणाली. तिनं वही लगेच आणून दिली. एका पानावर मी वर्तुळांची आकृती काढली होती. धातूच्या अतिशय पातळ पत्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवले की समोरच्या काचेवर अशी वर्तुळं उमटतात. नुसत्या कणांनी ती उमटली नसती. त्या आकृतीला सुईनं भोकं पाडून, वरून नीळ चोळून बाईनं ती उशीच्या अभ्र्यावर उतरवली होती. “नक्षी लय आवडली मले,” म्हणाली. तिचा मला राग आला नाही.

राग आला तो पुढच्या पानाचा. ‘इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो’ या माझ्या वाक्यावर लाल पेन्सिलीची जाड रेघ होती. खाली लिहिलं होतं : चूक. इलेक्ट्रॉन कण आहे. मुलगा शाळेत शास्त्र शिकवायचा. तो आतून आला.

“कोणाला विचारून खोडलं?” मी म्हटलं.

“चूक होती, दुरुस्त केली. कॉलेजात काहीही सांगतात.”

ओसरीच्या खांबाला एक लांब दोर बांधलेला होता. मी त्याचं मोकळं टोक हातात घेऊन हलवलं. दोराला मधोमध एक फुगवटा आला. हात भराभर हलवला, दोन झाले. आणखी भराभर, तीन. मधल्या वेगांना दोर नुसता वेडावाकडा नाचला.

“अन् दीड काऊन नाई होत वं?” त्याच्या आईनं विचारलं.

“दोन्ही टोकं धरलेली आहेत. अर्धा मावत नाही. इलेक्ट्रॉन अणूत कोंडला की त्याच्या लाटेचंही असंच होतं. म्हणून त्याची ऊर्जा पायरीपायरीनं वाढते. मधे कुठे थांबत नाही.”

“आई, तू आत जा,” मुलगा म्हणाला.

“काऊन जाऊ? दोर तं मलेबी दिसून राह्यला, मास्तर. तुलेच नाई दिसत.”

मी वही काखेत मारली आणि निघाले. सोयरीक मोडली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. वही कुणी दिली, खोडली कुणी, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी एकटी मोटारीनं गेले, एवढंच त्यांना लागलं.

नागपूरला प्रोफेसरांनी वही चाळली. भोकं त्यांनी चालवून घेतली. खोडलेलं पान मात्र नियमात बसत नव्हतं. त्या पानावर नवी सही हवी तर ते पुन्हा लिहून आणा म्हणाले. लाल पेन्सिल त्याची, लिहिणं माझं. परीक्षेच्या आधीचा एक अख्खा दिवस त्यात गेला. पान मी पुन्हा लिहिलं. एक शब्दही बदलला नाही.