हरणीच्या आईची आई

कुठलंही कुत्रं समोर आणलं की ड्रेसरमामा आधी त्याला परत पाठवायचे. मालक हौसेनं त्याचं तोंड वर करून दाखवत असायचा, कान उचलून धरायचा, ओठ बाजूला करून दात दाखवायचा. मामा म्हणायचे, "त्या लिंबापर्यंत घेऊन जावा." मालक गोंधळून कुत्र्याला घेऊन लिंबाच्या झाडाकडे निघाला की मामा उकिडवे बसायचे आणि मागच्या पायांवर नजर लावायचे. मी एकदा विचारलं, हे काय बघणं? तर म्हणाले, "येताना समदेच नीट येतात, बाई. जाताना पाय खरं सांगतात."

लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता आणि निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. परभणीच्या कॉलेजातून बाहेर पडून मी नुकतीच गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि बैल उभा करायचा लाकडी खोडा. मामा तिथे ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, सुया उकळणं हे त्यांचं काम. पन्नाशीकडे झुकलेले, काटक, नांदेडकडच्या नायगावचे. साऱ्या गावाचे ते ड्रेसरमामा होते, म्हणून माझेही झाले. मी त्यांची साहेब होते, पण पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं होतं की शिकायचं मला आहे.

बैल घेऊन आलेला शेतकरी खुर्चीवर बाई बघून मागे वळायचा. "डॉक्टर कवा येणार?" असं दारातूनच विचारायचा. मामा त्याच्याशी कधी वाद घालत बसले नाहीत. ते बैलाचा कासरा त्याच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घट धरा. डॉक्टर तपासायलेत." त्या माणसाला कासरा सोडून जाता यायचं नाही. सहा महिन्यांत माणसं मला विचारत यायला लागली, त्यात माझ्या विद्येचा वाटा किती आणि त्या कासऱ्याचा किती, कोण जाणे.

मामांच्या घरी कारवानी कुत्री होती. आपल्याकडचं हे जुनं कुत्रं: लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, उंच पाय. पूर्वी सशामागे सोडायचे. मामांचे वडील निजामाच्या काळात एका जहागीरदाराची शिकारी कुत्री सांभाळायचे. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेला. एक गाभण कुत्री तेवढी मामांच्या वडिलांकडे राहिली. मामांकडे होती ती हरणी, तिच्याच वंशातली. मामा शिकार करत नव्हते. पहाटे औशाच्या रस्त्यानं सायकल काढायचे आणि हरणी शेजारून पळायची. शिकार नाही तर हे कुत्रं पाळायचं कशाला, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "पळताना बघायला की," म्हणाले.

मला कुत्र्यांची फारशी माहिती नव्हती. कॉलेजात आम्ही गाई-म्हशी शिकलो होतो. त्यामुळे दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी मामांना प्रश्न विचारत बसायची. शेपटी मागच्या पायांमधून वर घेतली तर कमरेच्या हाडापर्यंत पोचली पाहिजे, पाठीवरच्या दोन हाडांमध्ये चार बोटं बसली पाहिजेत, ही मापं त्यांनी मला हरणीवरच दाखवली. कुत्रीला ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, विण्याआधी महिनाभर अंडं, आणि पिल्लं रोज किराणा दुकानातल्यासारख्या तराजूत घालून बघायची. ज्या पिल्लाचं वजन दोन दिवस वाढलं नाही त्याला आईच्या मागच्या सडांशी लावायचं, तिथे दूध जास्त. तिथेच दूध जास्त का असतं, हे विचारलं की मात्र सरळ सांगायचे, "म्हाईत न्हाई. तुमच्या पुस्तकात बगा अन् मला बी सांगा."

हरणीचा वंश त्यांना पाठ होता. हरणीची आई चांदणी, चांदणीची आई मैना, मैनेची आई बिजली, बिजलीची आई शमा. शमा ही जहागीरदाराची. मी विचारलं, सगळी नावं आयांचीच का? ते म्हणाले, "आई आपल्या डोळ्यांदेखत विती. बाप काय, कुणीतरी सांगितलेला असतो."

मामींचं या नावांशी वेगळं नातं होतं. बहात्तरच्या दुष्काळात मामी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. तिथे सुकडी मिळायची. त्या वर्षी मामांनी तीन कुत्री गोदावरीकडे निघालेल्या धनगरांना देऊन टाकली, पण मैनेला काही सोडता आलं नाही. हरणीकडे बोट दाखवून मामी मला म्हणाल्या होत्या, "हिच्या आईच्या आईनं माज्या वाटणीची सुकडी खाल्ली, बाई. म्हणून ही जित्ती हाय." त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि हात हरणीच्या मानेवर होता.

एकदा गोचीडतापाची शंका आली म्हणून मी हरणीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला. ताप निघाला नाही. मामांनी सूक्ष्मदर्शकातून बघू का म्हणून विचारलं. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. मग बाहेर गेले आणि शेडमध्ये पडून असणाऱ्या गावठी कुत्र्याला घेऊन आले. त्याचंही रक्त काचेवर घ्यायला लावलं. एकदा ही काच, एकदा ती, असं तीनदा बघितलं.

"दोन्ही सारखंच दिसायलंय."

"सारखंच दिसणार, मामा."

"मग फरक राहतो कुठं?"

मला कॉलेजात शिकवलेलं सगळं आठवलं, ते मी सांगितलंही. त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालं नाही. पुढे कित्येक दिवस अधूनमधून काचा पुसताना ते थांबायचे, तेव्हा मला कळायचं की तोच विचार चालला आहे.

पुढची दोन वर्षं पावसानं ओढ दिली. विहिरी उघड्या पडल्या, गावोगाव टँकर फिरू लागले. त्यातच हरणी माजावर आली. तिचं वय झालं होतं. ही शेवटची वीण ठरणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. उदगीरकडे एका गावात चांगला कारवानी नर होता. मामा रजा टाकून तिला घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत आले. दोन महिन्यांनी हरणीला पाच पिल्लं झाली. मी अभिनंदन केलं, तेव्हा ते नुसतं "हाव" म्हणाले. मला वाटलं, दमले असतील.

पिल्लं मामा कधी विकत नसत, देत असत. पाचांपैकी एक नर जवळच्या गावच्या बापूसाहेबांनी मागून नेला. बापूसाहेब मोठे बागाईतदार, पुढाऱ्यांत ऊठबस असलेले. त्यांनी त्याचं नाव राजा ठेवलं. दहा महिन्यांत राजा असा निघाला की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा.

त्या हिवाळ्यात नव्या जिल्ह्याचं कृषी आणि पशुप्रदर्शन भरलं. बैल, गाई, कोंबड्या, आणि हौशी लोकांच्या आग्रहामुळे कुत्रीसुद्धा. व्यापाऱ्यांचे अल्सेशियन, डॉक्टरांच्या घरची पांढरी पॉमेरेनियन आणि एका बाजूच्या रिंगणात आपली कारवानी. महिनाभर मामा रोज सकाळी बापूसाहेबांच्या मळ्यात जाऊन राजाला तयार करत होते. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यानं अंग पुसणं, नखं घासणं, अनोळखी माणसानं तोंडात बोट घातलं तरी हलू न देता उभं करणं. हे सगळं ते रजेवर असल्यासारखे आनंदानं करत.

परीक्षक म्हणून लष्करातले एक निवृत्त पशुवैद्य पुण्याहून आले होते. त्यांनी राजाला पहिला नंबर दिला. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले की देशी जातींची वंशावळ नोंदवायचं काम ते करत आहेत. या कुत्र्याची माहिती पक्की असेल तर त्याची नोंद छापील पुस्तकात होईल. बापूसाहेबांनी मामांना पुढे बोलावलं. मामांनी शमापासून सुरुवात केली. परीक्षक एकेक नाव लिहून घेत होते. इतक्या वर्षांत ती नावं कुणी कागदावर उतरवली नव्हती. प्रत्येक नाव लिहून होईपर्यंत मामा थांबत होते, मगच पुढचं सांगत होते.

"आणि याचा बाप?" परीक्षकांनी विचारलं.

मामांनी राजाच्या साखळीला हातात एक वेढा दिला. बापूसाहेबांनी उदगीरकडच्या त्या नराचं नाव सांगितलं. परीक्षक लिहिणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "साहेब, ती जागा रिकामी ठेवा."

मग त्यांनी जे झालं ते सांगितलं. उदगीरहून परत येताना कंडक्टरनं कुत्री बघून त्यांना वाटेत उतरवलं होतं. हरणी तहानलेली होती. तिला बाभळीला बांधून ते टँकरपाशी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा तिथलंच एक गावठी कुत्रं तिच्यापाशी होतं. पाच पिल्लांमधलं कुठलं कुणाचं, हे सांगता येणार नाही.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की मग नोंद करता येणार नाही आणि या गटातलं बक्षीसही देता येणार नाही. कप दुसऱ्या कुत्र्याला गेला.

बापूसाहेब सगळ्यांसमोर मामांवर उसळले. एवढं होतं तर पिल्लू देतानाच का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं रास्त होतं. मामांनीही ते कबूल केलं. म्हणाले, तोंडातून निघालं नाही, चूक माझी. पण बापूसाहेब तिथे थांबले नाहीत.

"तुम्हा लोकांना रे काय कळायची जात?"

 मामांनी हातातली राजाची साखळी त्यांच्याकडे दिली.

"कुत्र्याची कळती, बापूसाहेब. माणसाची आम्ही छप्पन सालीच सोडून दिली."

आवाज चढलेला नव्हता. एवढं बोलून ते मंडपाबाहेर गेले. मीही त्यांच्यामागे गेले. पाण्याच्या पिंपापाशी ते उभे होते. मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कधीच कळलं नसतं. शमा, बिजली, मैना, सगळ्यांची नावं छापून आली असती. ते म्हणाले, "एक खोटं आत गेलं असतं, तर मागच्या समद्या मायलेकी खोट्या पडल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा दवाखान्याच्या फाटकाला बांधलेला सापडला. मामांनी त्याला सोडलं आणि घरी नेलं. उरलेली चार पिल्लं जिथे जिथे दिली होती, त्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी खरं सांगितलं. एकानंही पिल्लू परत दिलं नाही. एका मेंढपाळानं तर त्यांनाच उलट विचारलं म्हणे, की बापाचं काय करायचंय, राखण चांगली करतंय की.

त्याच उन्हाळ्यात हरणीच्या गर्भाशयात पू झाला. मी ऑपरेशन करून ते काढून टाकलं. भूल उतरेपर्यंत मामा तिच्या नाकाशी हात धरून बसले होते. हरणी वाचली, पण मामांच्या घरचा शमेचा खात्रीचा वंश त्या दिवशी संपला. 

पावसाळ्याच्या तोंडावर मामांची बदली झाली, थेट माहूरला. कारण कुठे लिहिलेलं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती. मी वरिष्ठांना दोन पत्रं पाठवली, त्यांचं उत्तर आलं नाही. कडब्याच्या ट्रकमधून मामा, मामी, हरणी आणि राजा गेले. निघताना मी रडेन असं मला वाटलं होतं. पण मामा मला राजाच्या मागच्या उजव्या पायाचं नख कसं वाढतं ते समजावत होते, आणि ते ऐकता ऐकता ट्रक सुरू झाला.

माहूरहून वर्षातून एखादं पोस्टकार्ड यायचं. देवीच्या डोंगरावर गर्दी वाढली, हरणीला दिसेनासं झालं, हरणी गेली, राजा गडावरच्या दुकानदारांचा लाडका झाला आहे. पुढे राजाही गेला. नंतर मामा निवृत्त होऊन नायगावला परतले. माझ्याही बदल्या होत राहिल्या आणि पत्रं थांबली.

बऱ्याच वर्षांनी नांदेडला आले असताना मी नायगावला गेले. घर शोधावं लागलं नाही. ड्रेसरमामा म्हटल्यावर लोकांनी बोट दाखवलं. ते खूप वाळले होते. अंगणात कुत्रं नव्हतं. या वयात पाळलं तर आपल्यामागे त्याचं कोण करणार, असं म्हणाले. मामींनी चहा केला. मी कुत्र्यांबद्दल नवं काय काय वाचलं ते सांगत होते; दोन रक्तांमधला फरक आता यंत्रानं शोधता येतो, हेही सांगितलं. ते पुढे सरकून ऐकत होते, मध्येच थांबवून विचारत होते.

तेवढ्यात शेजारचा माणूस धावत आला. त्याची म्हैस सकाळपासून अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. मामांनी माझ्याकडे हात केला आणि त्याला सांगितलं, "घाबरू नको. ह्या मोठ्या डॉक्टर हायेत. मी ह्यांच्या हाताखाली काम केलंय."

"नाही," मी त्या माणसाला म्हटलं, "मी यांच्या हाताखाली शिकले."

 मामा भिंतीचा आधार घेऊन उठले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि मामींकडे साबण मागितला.