एका स्कूटरवरची दोन मतं

नगरच्या आमच्या उपनगरात पूर्वी कुठल्या गल्लीची मतं कुणाला, हे आईसुद्धा सांगायची. आता उद्या आपल्या गळ्यात कुठल्या रंगाचं उपरणं असेल, हे ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

बाबा शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. शेजारचे काका मूळचे पाथर्डीकडचे. साखर कारखान्यातली नोकरी त्यांना साहेबांनी, म्हणजे आमच्या आमदारांनी लावून दिलेली. त्यामुळे साहेबांचा पक्ष तोच काकांचा पक्ष. बाबा कट्टर विरोधातले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघांची अशी जुंपायची की विचारू नका. मतदानाला मात्र काकांच्या स्कूटरवरून दोघं बरोबर जायचे. "तुमची मतं एकमेकांना कापतात, घरीच बसा की," असं आई म्हणायची. पण त्यातच त्यांची मजा होती. येताना भेळ खाऊन यायचे.

गेल्या निवडणुकीच्या तोंडावर साहेबांनी पक्ष बदलला आणि आले ते थेट बाबांच्या पक्षात. चौकातल्या फ्लेक्सवर चेहरा तोच, मागचा रंग तेवढा नवा. बघता बघता अख्खी कॉलनी त्या रंगाची झाली. कुणालाच काही वाटलं नाही, याचाच मला संताप आला.

काका पेढे घेऊन आले. "मास्तर, तोंड गोड करा. आता आमी तुमच्यात आलो. भांडान मिटलं!"

त्यांना खरंच वाटत होतं की बाबा खूश होतील. बाबांनी पेढा बशीतच ठेवला.

"तुम्ही आमच्यात नाही आलात. आमचा पक्ष तुमच्या साहेबांकडे गेला."

"आवो, मानूस तर त्योच हाय की!"

"तेच म्हणतोय मी."

मतदानाच्या सकाळी काकांनी नेहमीसारखी स्कूटर दारात आणली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. "तुम्ही व्हा पुढे."

काकांनी मागची सीट हाताने पुसली. "मागून लई गर्दी हुईल, मास्तर."

बाबा हलले नाहीत. शेवटी काका एकटेच गेले.

दुपारी मी बाबांना म्हटलं, "चला, मी नेते. दुसऱ्या कुणाला तरी मत द्या."

"दुसरा कोण? समोर उभा आहे तो परवापर्यंत साहेबांच्याच गाडीत फिरत होता."

मतदान हे कर्तव्य आहे, असं जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस त्या दिवशी घरी बसून राहिला. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडले नाही.

साहेब निवडून आले. काका काही ओट्यावर फिरकेनात. शेवटी आईनेच परवा त्यांना चहाला बोलावलं. दोघं बराच वेळ बोलत बसले, उन्हाविषयी, नळाच्या पाण्याविषयी, गुडघ्यांविषयी. काका म्हणतील त्याला बाबा "बरोबर आहे" म्हणत होते, आणि बाबा म्हणतील त्याला काका "व्हय, व्हय." आवाज कुणाचाच चढला नाही.

काका गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "यापुढे त्यांना बोलावू नकोस."